‘जी’ : एका अक्षराचा पसारा

भाषेत मोठे शब्द मान खाऊन जातात आणि राबतात ते लहान शब्द. ‘संस्कृती’, ‘परंपरा’, ‘अस्मिता’ यांच्यावर परिसंवाद झडतात, गौरवग्रंथ निघतात. ‘ना’, ‘की’, ‘बा’, ‘बरं’, ‘जी’ यांची कोणी दखल घेत नाही. पण दिवसभराच्या बोलण्यातून हे शब्द वगळून पाहा. ‘बसा’ ही आज्ञा होते, ‘बसा ना’ हा आग्रह होतो आणि ‘बसा जी’ म्हटले की समोरच्याला बसल्यावाचून राहवत नाही. क्रियापद तेच, प्रत्ययही तोच. एका अक्षराने घरात येणाऱ्याचे स्वागत झाले.

बीबी आणि आसपासच्या गावांच्या बोलण्यातल्या अशा लहान शब्दांचा विचार पुढील पानांत केला आहे. त्यांतला ‘जी’ पहिल्या प्रकरणाचा मानकरी आहे आणि ही प्रस्तावना त्याच्यापुरतीच आहे. एका अक्षरासाठी इतकी पाने कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. पण मराठीचे सर्वांत जुने गद्य, शाहिरांचे पोवाडे, सिंदखेडच्या जाधवांची वंशावळ आणि एसटीच्या थांब्यावरचे मोबाइलवरचे बोलणे हे सगळे ज्या एका धाग्यात ओवता येते, असा दुसरा शब्द आमच्या भागात सापडणे कठीण.

आधी भूगोल. बीबी हे लोणार तालुक्यातले, जिल्ह्याच्या भाषेत ‘घाटावरचे’ गाव. मेहकर-सुलतानपूरकडून सिंदखेडराजा आणि जालन्याकडे जाणारा जुना रस्ता इथून जातो. अलीकडे समृद्धी महामार्गही याच पट्ट्यातून गेला. तालुक्याच्या शिवेला जालना आणि परभणी हे मराठवाड्याचे जिल्हे लागतात. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तेव्हा या शिवेची राजकीय सरहद्द झाली. अलीकडे इंग्रजांचा कारभार आणि पलीकडे निजामाचा, असे 1947 पर्यंत चालले. सोयरिकी मात्र सरहद्द बघून होत नसतात. इकडची लेक तिकडे गेली, तिकडची सून इकडे आली आणि दोघींनी आपापले बोलणे सोबत नेले. म्हणून या पट्ट्यात एकाच ओट्यावर ‘मले-तुले’ आणि ‘मला-तुला’ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी-नागपुरीचे नमुने छापलेले आहेत. पण छापील नमुन्यात शब्द येतो, त्याचा सूर येत नाही, आणि ‘जी’चा निम्मा अर्थ सुरात असतो.

तो सूर ऐकायचा तर थांब्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या बाईचे फोनवरचे बोलणे ऐकावे. पलीकडचा माणूस काय म्हणतो ते आपल्याला कळत नाही, इकडचे तेवढे ऐकू येते. ‘हाव जी.’ म्हणजे ऐकते आहे, पुढे बोला. ‘हाव जी, हाव जी.’ म्हणजे तुमचे म्हणणे पटले. मग मध्येच वर चढवलेला एकटा ‘जी?’, म्हणजे पुन्हा सांगा, नीट ऐकू आले नाही. त्यानंतर लांबवलेला ‘नाई जीऽ’, म्हणजे असे कसे होईल, काहीतरी चुकते आहे तुमचे. शेवटी ‘बरं जी’, आणि फोन पिशवीत. पलीकडे नवरा होता, व्याही होता की बँकेचा माणूस, हे अखेरपर्यंत कळत नाही. पण दोघांमधले बोलणे कुठे समेवर आले, कुठे अडले, कुठे सुटले, ते नेमके कळते. शब्दकोशात ‘आदरार्थी अव्यय’ एवढ्यावर ‘जी’ची बोळवण करता येते, पण या पाच ठिकाणी आदर हा एकच अर्थ धरून बसलो तर बाकीचे चार हातचे जातात.

त्याची वाक्यातली जागाही पाहण्यासारखी आहे. उत्तर म्हणून तो एकटा उभा राहतो. एरवी त्याची जागा शेवटची : ‘या जी’, ‘कुठं चालले जी’, ‘ऐका ना जी’. ‘ना’ आणि ‘जी’ एकत्र आले तर ‘ना’ आधी आणि ‘जी’ नंतर. ‘ऐका जी ना’ असे इथे कोणी म्हणणार नाही. म्हणजे सांगायचे ते सगळे सांगून झाल्यावर, वाक्य समोरच्याच्या हाती सोपवताना ‘जी’ येतो. ‘रे’ आणि ‘गं’ लावायचे तर समोर पुरुष आहे की बाई, हे आधी ठरवावे लागते. ‘बे’ लावायचा तर सलगी किंवा भांडण, दोन्हींपैकी एक हवेच. ‘जी’ला व्याकरणाने असे लिंग चिकटलेले नाही आणि तो वयही विचारत नाही. समोर कोणीतरी आहे आणि त्याचे ऐकून घ्यायचे आहे, एवढी एकच अट तो पाळतो. या शब्दाविषयी माझे म्हणणे तेवढेच आहे : ‘जी’ हा मोठेपणाचा शब्द नाही, समोरच्याच्या असण्याची पोच देणारा शब्द आहे. आदर त्यातून निपजतो. आदर हे त्याचे मूळ नव्हे.

मूळ कोणते, याविषयी अभ्यासकांनी दोन वाटा दाखवल्या आहेत. एक वाट संस्कृत ‘आर्य’पासून निघते : आर्य, प्राकृतात ‘अज्ज’, हाक मारताना ‘अजी’, आणि पुढचा ‘अ’ गळून ‘जी’. या घराण्यात आपली ‘आजी’ आणि ‘आजा’ही आहेत, त्यामुळे ही वाट ऐकायला गोड वाटते. दुसरी वाट ‘जीव’पासूनची. हा ‘जीव’ म्हणजे प्राण हे नाम नव्हे, तर ‘जीव्’ धातूचे आज्ञार्थी रूप : जग, जिवंत राहा, आयुष्मान हो. प्राकृतात शेवटचा ‘व’ सैल झाला, ‘जीउ’ झाला, आणि मग ‘उ’ही पुसला जाऊन ‘जी’ उरला. या वाटेवर एक भक्कम खूण आहे. बंगाल आणि ओडिशात देवळातल्या देवांच्या नावापुढे आजही ‘जीउ’ लावतात. आपल्याकडे पूर्ण झिजलेला शब्द तिकडे मधल्या टप्प्यावर थांबलेला दिसतो. म्हणून मला ही दुसरी वाट अधिक पटते.

‘जग’ असे एखाद्याला म्हणण्याची रीत किती जुनी आहे, ते पाली विनयपिटकातल्या एका प्रसंगावरून कळते. बुद्ध उपदेश करीत असता शिंकले, तेव्हा भिक्षूंनी ‘भगवंत जगोत’ असा एकच गजर केला आणि उपदेश बंद पडला. बुद्धांनी विचारले की शिंकल्यावर असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा मरतो का? नाही म्हटल्यावर त्यांनी भिक्षूंना तसे म्हणण्याची मनाई केली. पण गावातले लोक भिक्षू शिंकला की ‘जीव’ म्हणत आणि भिक्षू गप्प राहिला तर त्यांना वाईट वाटे. अखेर बुद्धांनी मोकळीक दिली : गृहस्थांना शुभवचन आवडते, त्यांनी असे म्हटले तर ‘चिरकाल जग’ असे उलट म्हणावे. तत्त्वज्ञान एका बाजूला राहिले आणि लोकांचे मन जिंकले, कारण या शब्दाने कोणाचे आयुष्य वाढत नसले तरी दोन माणसांमधला दुवा टिकतो. आमच्याकडे लेकरू शिंकले की आज्या ‘शतंजीव’ म्हणत. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावामागे ‘चि.’ लागतो तोही चिरंजीवच. नावामागचा ‘चि.’ आणि नावापुढचा ‘जी’ अशा रीतीने एकाच धातूचे ठरतात. एकात धातू पुरता शाबूत आहे, दुसऱ्यात त्याचे एक अक्षर उरले आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. ‘जो, जी, जे’ यांतला ‘जी’ हे संबंधी सर्वनामाचे स्त्रीलिंगी रूप आहे. त्याचा आणि आपल्या ‘जी’चा उच्चारापलीकडे काही संबंध नाही. मोबाइलच्या पिढ्या मोजणारा इंग्रजी ‘जी’ तर तिसराच.

मराठीत हा शब्द किती मागे नेता येतो? जितकी मागे मराठी जाते, जवळजवळ तितका. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 1278 च्या सुमारास सिद्ध केले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले, त्यांना विचारून विचारून म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यामुळे त्यात माणसे बोलतात तशी बोलतात. स्वामींच्या भटकंतीच्या वर्णनांत मेहकर येते, लोणार येते. म्हणजे बीबीच्या दोन्ही अंगांचा मुलूख मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात आहे. आणि या ग्रंथात शिष्यांच्या तोंडी पानोपानी ‘जी’ आहे. स्वामींनी काही सांगितले की ‘जी जी’. शंका असली की वाक्याच्या शेवटी ‘जी’. नकार द्यायचा तर ‘ना जी’. थांब्यावरच्या बाईचा ‘नाई जी’ या ‘ना जी’पासून फार दूर नाही. सात शतकांहून अधिक काळात यादव गेले, बहामनी गेले, निजाम गेला, इंग्रज गेला; नकार देण्याची ही रीत मात्र तिथल्या तिथे आहे.

लीळाचरित्रातला ‘जी’ दबून बोलणाऱ्यांचा नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. स्वामींची शिष्या महदाइसा ही तर सतत विचारणारी. ‘जी’ म्हणून ती प्रश्न मागे घेत नाही. ‘जी’ म्हणून ती प्रश्न पुढे करते. संस्कृतात ग्रंथ लिहिले तर साध्या म्हाताऱ्या बायांना ज्ञान पारखे होईल, या काळजीने ज्या पंथाने मराठीचा हट्ट धरला, त्याच्या ग्रंथात बोलण्यातला इतका बारीक शब्द टिपला गेला, यात नवल नाही.

पुढे बाराच वर्षांनी, 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. तिच्या पहिल्याच ओवीत नमनाला ‘जी’ जोडलेला आहे : ‘नमोजी’. ग्रंथभर कृष्ण अर्जुनाला ‘अगा’ म्हणतो आणि अर्जुन कृष्णाला ‘जी’ म्हणतो. कोण बोलते आहे हे ओवीत सांगितलेले नसले तरी या दोन शब्दांवरून पुष्कळदा ओळखता येते. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नवव्या अध्यायाच्या आरंभीची जागा. तिथे ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि आपण ही प्रौढी सांगत नाही असे म्हणताना त्यांना ‘हो जी’ म्हणतात. बोलणारा गुरूच्या आसनावर बसलेला, ऐकणारे समोर जमिनीवर, आणि ‘जी’ वरून खाली येतो. श्रोता नसेल तर बोलणे पुरे होत नाही, ही जाणीव त्या दोन अक्षरांत आहे.

ज्ञानदेवांनी श्रोत्यांना दिलेला ‘जी’ शाहिरांच्या फडात उलट्या दिशेने येतो. शाहीर पोवाड्याचा चौक वेगात म्हणत जातो, शब्द छातीतून फेकत जातो, आणि कडव्याच्या तुटीवर मागचे झीलकरी ‘जी जी जी’ असा सूर धरतात. डफ आणि तुणतुणे त्या सुराखाली चालूच असतात. तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, घाम पुसतो, पुढची ओळ आठवतो आणि पुन्हा उसळी मारतो. हा ‘जी’ काढून टाकला तर पोवाडा दोन मिनिटांत धापा टाकू लागेल. विदर्भात दंडार आणि खडी गंमत या लोककलांतही मागून साथ धरणारे असतात. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा 1659 च्या घटनेवरचा. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा शाहिरांचे शब्द कागदावर आले. पण छापील पोवाड्यात झीलकऱ्यांचा ‘जी’ बहुधा नुसता खूण म्हणून उरतो, किंवा गळतोच. संपादकाला तो शब्द अर्थहीन वाटतो. फडातल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की ‘जी’ चुकला की शाहीर चुकतो.

अर्थ नाही तरी काम आहे, हे या ‘जी’चे वैशिष्ट्य. थांब्यावरची बाई फोनवर ‘हाव जी’ म्हणते तेव्हा तीही पलीकडच्या माणसाची झीलकरी होते.

आता नावांकडे वळू. बीबीहून पश्चिमेला निघालात की सिंदखेडराजा लागते. लखुजी जाधवांचे हे गाव, जिजाऊंचे माहेर. लखुजी, त्यांचे पुत्र दत्ताजी, अचलोजी, राघोजी : सगळ्या घराण्याला ‘जी’. 1629 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी दगा होऊन लखुजी, अचलोजी आणि राघोजी मारले गेले. ‘जग’ या अर्थाचे अक्षर नावात असून माणसे मारली जातात, हे त्या काळाचे वास्तव. जिजाऊंच्या सासरी भोसल्यांकडे पाहिले तर आणखी गंमत आहे. मालोजींनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि मुलांची नावे ठेवली शहाजी आणि शरीफजी. फारसी-अरबी नावाला मराठी ‘जी’ चिकटला आणि कोणालाही ते विजोड वाटले नाही. ‘बीबी’ हाही फारसीतला, स्त्रीविषयी आदर दाखवणारा शब्द. आदराच्या शब्दांना सरहद्दीवर कोणी अडवत नाही.

शिवाजी महाराजांच्या नावातला ‘जी’ आज इतका एकजीव झाला आहे की तो वेगळा काढता येतो हेच आपण विसरतो. पण महाराजांच्या संस्कृत मुद्रेत नाव ‘शिव’ असे आहे, आणि परमानंदाच्या काव्यग्रंथाचे नावही ‘शिवभारत’ आहे. संस्कृतात गेले की ‘जी’ गळतो, मराठीत आले की परत येतो. तो राजपदाचा भाग नव्हता, बोलीचा भाग होता. तसा नसता तर तानाजी, येसाजी, तुकोजी, राणोजी अशी शिपायांपासून सरदारांपर्यंतची नावे त्याच साच्यात पडली नसती. नात्यांची नावेही पाहा : भाऊजी, दाजी, मामंजी, शाळेतले गुरुजी आणि त्यांच्या आधीचे पंतोजी. नवी सून सासरच्या माणसांना ज्या नावांनी हाक मारायला शिकते त्यांतली निम्मी ‘जी’वर संपतात.

वऱ्हाडात हा ‘जी’ गढीपुरता राहिला नाही, झोपडीतही गेला. गाडगेबाबांचे मूळ नाव देबूजी, वडिलांचे झिंगराजी. परिटाच्या घरात 1876 साली शेंडगावला जन्मलेल्या मुलाला बारशातच ‘जी’ मिळाला. त्यासाठी वतन लागले नाही. तुकडोजी महाराजांचे उदाहरण तर या शब्दाचा सारा व्यवहार उलगडून दाखवते. यावलीला 1909 मध्ये जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना नाव दिले ते भाकरीच्या तुकड्यावरून. भजनात ते स्वतःची नाममुद्रा ‘तुकड्या’, ‘तुकड्यादास’ अशी घालतात, आणि लोक त्यांना ‘तुकडोजी’ म्हणतात. स्वतःला ‘जी’ लावायचा नसतो, तो समोरच्याने द्यायचा असतो, हा नियम इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसणार नाही. पोच आपली आपण देता येत नाही.

हाच नियम मोडला की शब्द नासतो. ‘हांजी हांजी करणे’, ‘जीहुजूर’, ‘जीहुजुरी’ हे मराठीतले शिव्यांच्या जवळ जाणारे शब्द. ‘होयबा’ हा त्यांचाच भाऊ. त्यांत ‘जी’ आहेच, पण समोरच्याचे ऐकून घेणे नाही. तो बोलण्याआधीच होकार तयार असतो. अलीकडे बातम्यांतून आणि सभांतून प्रत्येक पुढाऱ्याच्या नावापुढे लागणारा ‘जी’ही मला याच रांगेतला वाटतो. हिंदीत आडनावालाही ‘जी’ लागतो; ती त्या भाषेची रीत आहे आणि तिथे ती शोभते. मराठी बोलीतला ‘जी’ मुख्यतः समोर असलेल्या माणसाशी बोलण्याचा आहे. गैरहजर माणसाच्या नावाला तो लावत सुटले की त्याची पदवी होते, आणि पदवी झाली की तो ऐकेनासा होतो.

इतर भाषांना असे लहान शब्द कसे वागवावे लागले, हे पाहिले की आपल्या शब्दाचे मोल अधिक नीट कळते. स्वीडनचे उदाहरण बोधप्रद आहे. स्वीडिशमध्ये ‘तू’साठी ‘दू’ आणि अनेकवचनी-आदरार्थी ‘तुम्ही’साठी ‘नी’ आहे. हा ‘नी’ मुळात ‘ई’ होता. ‘तुमच्याजवळ आहे’ म्हणायचे तर प्रश्नार्थी रचनेत ‘हावेन ई’ म्हणत. बोलताना क्रियापदाचा शेवटचा ‘न’ पुढच्या ‘ई’ला जाऊन चिकटला आणि सतराव्या शतकात ‘नी’ असा नवाच शब्द तयार झाला. शब्दाची सीमा कानाने ठरवली, व्याकरणाने नाही. पण पुढे ‘नी’ वरच्याने खालच्याला म्हणण्याचा शब्द होऊन बसला, आणि बरोबरीच्याला किंवा मोठ्याला काय म्हणावे हा पेच पडला. मग लोक सर्वनामच टाळून हुद्द्याने बोलत : ‘डॉक्टर कॉफी घेतील का?’ हे डॉक्टरांनाच विचारायचे. आपल्याकडच्या ‘साहेब चहा घेणार ना?’ची आठवण करून देणारा हा प्रकार. 1967 मध्ये ब्रूर रेक्सेद तिथल्या सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले तेव्हा त्यांनी जाहीर केले की आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणणार. वारे आधीपासून वाहत होतेच. काही वर्षांत सारा देश ‘दू’वर आला. हुद्द्यांची कटकट एका अक्षराने संपवली.

स्वीडिश आणि तिच्या शेजारच्या भाषांनी दुसरा एक लहान शब्द मात्र सोडलेला नाही. ‘तू आला नाहीस ना?’ असे नकारात विचारले आणि आपण तर आलो होतो, तर उत्तर ‘या’ म्हणजे साधा ‘हो’ देऊन चालत नाही. त्यासाठी वेगळा होकार आहे : स्वीडिश-नॉर्वेजियनमध्ये ‘यू’, डॅनिशमध्ये ‘यो’. तुमचा अंदाज चुकला, मी आलो होतो, एवढे त्या एका अक्षरात मावते. मराठीत इथे ‘हो’ म्हटले की गोंधळ होतो : हो, म्हणजे आला नाहीस? की हो, म्हणजे आलास? आमच्याकडे हे काम ‘आलतो ना जी!’ करते. ‘ना’ चूक दाखवतो आणि ‘जी’ ती दाखवताना समोरच्याचे तोंड पडू देत नाही. उत्तर स्वीडनमध्ये तर होकारासाठी शब्दही पुरा उच्चारत नाहीत. ओठ आवळून श्वास झपकन आत ओढतात, झाला होकार. समोरच्याला पोच द्यायला माणसाला फार मोठा शब्द लागत नाही, एक श्वासही पुरतो.

स्वीडनने एका सर्वनामाने सर्वांना एका पातळीवर आणले. वऱ्हाडी ‘जी’ ते काम निराळ्या रीतीने करतो. तो वरच्याला खाली ओढत नाही आणि खालच्याला हात जोडायला लावत नाही. भाजीवाली गिऱ्हाइकाला ‘घ्या जी’ म्हणते, गिऱ्हाईक ‘कसे दिले जी’ विचारते, आणि दोघेही एकमेकांना आदर देऊन भाव पाडायला मोकळे होतात.

पुढील प्रकरणांत ‘ना’, ‘बा’, ‘वं’, ‘बे’, ‘बरं’ यांचा असाच माग काढला आहे. प्रत्येक ठिकाणी आधी आज बोलले जाणारे वाक्य, मग जुन्या ग्रंथातला वापर आणि शेवटी व्युत्पत्ती, असा क्रम जाणूनबुजून उलटा ठेवला आहे. व्युत्पत्तीपासून सुरुवात केली की वाचक मुळाशी अडकून बसतो आणि पानाफुलांकडे त्याचे लक्षच जात नाही. वाक्ये मोठ्याने वाचावीत ही विनंती. ‘जी’ कुठे लांबवायचा, कुठे तोडायचा, कुठे वर चढवायचा, हे मुद्रणात दाखवणे अवघड आहे. प्रमाण लेखनाच्या नियमाने शब्दान्ती दीर्घ ‘जी’च लिहावा लागतो, आणि मोडीत तर इकाराला ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नसे, बोलीत मात्र त्याच्या चार-पाच लांब्या आहेत.

या भागातली मुले आज शाळेत ‘येस सर’ म्हणतात, फोनवर ‘ओके’ म्हणतात. त्यात वाईट काही नाही. पोच देण्याचे काम होते आहे. पण ‘ओके’ने बोलणे संपते आणि ‘जी’ने ते पुढे चालू राहते, हा फरक त्यांच्या कानी पडायला हवा. शाळेतल्या शिक्षकांनी बोलीतला ‘जी’ अशुद्ध म्हणून खोडू नये. ज्या शब्दाने मराठी गद्याची सुरुवात पाहिली आणि ज्ञानदेवांनी ज्याने श्रोत्यांची मनधरणी केली, त्याला शुद्धतेचा दाखला आणायला कुठे पाठवणार? त्याला लागतो तो बोलणारा, आणि त्याहून अधिक, ऐकून घेणारा.

बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा